पेटी बनवायची तर जात सांगा

चहा घ्या आधी. मी जे सांगणार आहे ते ऐकून अर्धी माणसं हसतात आणि अर्धी माझ्याकडे नुसती बघत राहतात. तुम्ही कुठल्या अर्ध्यात ते तुमचं तुम्ही ठरवा. एवढं मात्र सांगतो, असा गाढवपणा सुरतमध्ये दुसऱ्या कोणी केला असेल, तर त्याने अजून तोंड उघडलेलं नाही!

मी मूळचा पारोळ्याकडचा. नाव रमेश. राहतो सुरतेत, डिंडोलीत. सतरा वर्षं कडोदऱ्याला पॉवरलूमवर काढली. कान अर्धे गेले, पण कापडाला हात लावला की डोळे मिटून सांगतो, सूत कुठलं, वीण कसली. लूम सुटल्यावर मी आणि माझी बायको सुनंदा, दोघांनी घराच्या पुढच्या खोलीत शिलाईची चार मशीन टाकली. आधी शाळेची दप्तरं शिवली, मग डब्याच्या पिशव्या. आणि दोन वर्षांपूर्वी अडाजणच्या एका दुकानदाराने विचारलं, "कुत्र्या-मांजरांना न्यायच्या बॅगा बनवशील? प्रवासाच्या पेट्या?"

म्हटलं, त्यात काय! दप्तरात पुस्तकं बसतात, ह्यात मांजर बसेल.

नाही हो बसत. पुस्तकाला नखं नसतात! पहिल्या बॅगेला मी खिडकी म्हणून साडीची नेट लावली. अशी सुंदर नेट, की लग्नात मिरवावी. दुकानदाराच्या मांजरीने ती एका पंज्यात उघडली आणि बाहेर येऊन गल्ल्यावर बसली. दुसऱ्या बॅगेला जाड रेक्झिन लावलं, तर आत हवाच जाईना. बरं, मांजर बॅगेत जायच्या आधीच हे कळलं. मी स्वतः डोकं घालून बघितलं होतं.

दुकानदार समजूतदार माणूस. तो म्हणाला, "रमेशभाई, गिऱ्हाईक आलं की आधी जात विचारायची. कुठली जात आहे त्यावर माल ठरवायचा. काही कुत्री प्लास्टिक कुरतडतात, काहींचे केस झडतात, काहींना गरमी सोसत नाही."

मला हे पटलं. इतकं पटलं की मी एक पुठ्ठा घेतला, त्यावर कापडाचे तीन नमुने चिकटवले आणि खाली जाड पेनाने माझ्या हाताने लिहिलं: वरची जात. मधली जात. साधी जात. वरच्या जातीला मखमल आणि दोन इंच फोम. मधलीला मॅटीचं जाडंभरडं कापड आणि एक इंच. साध्या जातीला खाली गोणपाट, वर रेक्झिन. कुत्री ओळखायची अक्कल नव्हती, पण पुठ्ठा मात्र तयार झाला.

आता पुढचं नीट ऐका.

एका सकाळी एक काका आले. सत्तरीच्या आसपास, पांढरा स्वच्छ शर्ट, खिशाला पेन, पायातल्या बुटांना पॉलिश. हातात सुतळीचं गुंडाळं. सुनंदा आत भाजी चिरत होती. पुढच्या खोलीत मी एकटा.

"अडाजणच्या दुकानातून पत्ता मिळाला," काका म्हणाले. "आमच्या राणीसाठी पेटी पाहिजे. भुसावळला न्यायचंय, मुलीकडे. गार्डच्या डब्यातून जाईल. पुढच्या शुक्रवारची गाडी आहे. माप आणलंय मी."

त्यांनी सुतळी उलगडून टेबलावर ठेवली. तिला तीन गाठी. एक लांबीची, एक उंचीची, एक रुंदीची. इतकं नीटस माप मला दुकानदारानेही कधी दिलेलं नाही.

मी वही उघडली. "नाव?"

"सुरवाडे. रेल्वेतून रिटायर."

"राहायला?"

"कोसाड. सरकारी आवासमध्ये."

"जात?"

काका थांबले. "काय म्हणालात?"

माझे कान अर्धे आहेत तर मला वाटलं त्यांचेही असतील. मी मोठ्याने म्हणालो, "जात! जात कोणती तुमची?"

आता तुम्हाला कळलं ना मी काय विचारत होतो ते? माझ्या डोक्यात 'तुमची' म्हणजे तुमची कुत्री. रिक्षावाले नाही का विचारत, 'तुमची कुठल्या कंपनीची?' तसं. पण मी नाव विचारलं, वस्ती विचारली आणि त्याच दमात जात विचारली. आणि समोर होते सुरवाडे काका. पांढऱ्या शर्टातले, बौद्ध घरातले, आयुष्यभर रुळांवर काम केलेले.

"ती कशाला पाहिजे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"घ्या! जात कळल्याशिवाय माल कसा निवडणार मी? सगळं जातीवर असतं काका!"

"असं?"

"मग! वरच्या जातीला मी आत मखमल लावतो. त्यांना गादीशिवाय झोप नाही. साध्या जातीचं काय, खाली गोणपाट टाकलं तरी तक्रार नसते."

"आणि रेक्झिन? ते कोणाला?" काका पुठ्ठ्याकडे बघत होते.

"तेही साध्या जातीलाच. धुवायला बरं पडतं हो. वास मारतो ना त्यांचा."

काकांनी पुठ्ठ्यावरची नजर खाली घेतली. मला वाटलं, लाजतायत. म्हणून मी त्यांना धीर दिला! ऐका, धीर दिला मी! म्हणालो, "सांगायला लाजू नका काका. पुष्कळ लोक माझ्याकडे येऊन जात खोटी सांगतात. पण मला नुसतं बघितलं तरी कळतं."

काका उठले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "चाळीस वर्षं झाली मला सुरतेत येऊन. पहिली खोली बघायला गेलो तेव्हा विचारली होती एकाने. तेव्हा मी तरुण होतो, जिना उतरून आलो. आज तुम्ही विचारलीत."

आणि गेले. सुतळी टेबलावरच राहिली.

तुम्ही म्हणाल, आता तरी ह्याच्या डोक्यात उजेड पडला असेल. कुठला! मला वाटलं, म्हातारा माणूस, विसरभोळा, कुत्रीची जात माहीत नाही म्हणून ओशाळला. खोलीचं ते काय म्हणाले ते मला लागलंच नाही. मी म्हटलं, घरमालकाने विचारली असेल, कुत्री पाळू देत नाहीत लोक.

दहा मिनिटांनी मी त्यांना फोन लावला. दुकानदाराकडून नंबर आला होता. "काका, राग मानू नका. जात नाही सांगितली तरी चालेल. मी मधली धरून बनवतो."

फोन कट.

रेंज गेली असेल! असं मला वाटलं. म्हणून मी व्हॉट्सॲपवर त्या पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. वरची जात, मधली जात, साधी जात. खाली लिहिलं, 'आपण कशात बसता ते कळवा.' आणि हात जोडल्याचं चित्र.

दोन निळ्या खुणा आल्या.

अर्ध्या तासाने फोन वाजला. अनोळखी नंबर. बाईचा आवाज, आणि आवाजात वर्गातल्या साठ मुलांना गप्प करायची ताकद. "मी सुरवाड्यांची मुलगी बोलतेय, भुसावळहून. शिक्षिका आहे. माझ्या वडिलांना तुम्हीच फोटो पाठवला ना?"

"हो ताई! बरं झालं तुम्ही फोन केलात. काका काही सांगतच नाहीत. तुम्हाला तरी माहीत असेल, तुमची जात कुठली?"

पलीकडे इतकी शांतता झाली की मला शिलाई मशीनच्या मोटारीचा आवाज ऐकू आला. अर्ध्या कानांनी!

मग ताई बोलायला लागल्या. त्यात कायदा होता, कलम होतं, पोलिस स्टेशन होतं. आणि मधेच त्यांचा आवाज कापला. "आई गेल्यापासून ते एका माणसाशी बोलत नाहीत. कितीतरी दिवसांनी स्वतःहून घराबाहेर पडले होते. आणि तुम्ही..."

मी नुसता "अहो पण ताई, पण ताई" करत होतो. तेवढ्यात सुनंदा हात पुसत बाहेर आली. फोन स्पीकरवर होता. तिने पुठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात राग आला की अहिराणी बाहेर येते.

"काय इचारं तुम्हीन त्यास्ले?"

मी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. अभिमानाने सांगितलं हो! सांगता सांगता तिचा चेहरा बघितला, आणि मी जसजसा स्वतःचं बोलणं स्वतः ऐकत गेलो तसतसा माझा आवाज बारीक होत गेला. गोणपाट. वास मारतो. लाजू नका. बघितलं तरी कळतं.

"कुत्रानं नाव तरी लिधं व्हतं का?" सुनंदाने विचारलं.

नव्हतं. एकदाही कुत्रीचं नाव घेतलं नव्हतं मी.

फोन सुनंदानेच हातात घेतला. "ताई, मी ह्यांची बायको. माझा नवरा कुत्रीची जात विचारत होता."

"कुत्रीची?" ताईंनी विचारलं.

"शपथेवर सांगते ताई. त्याला माणसांचं एवढं कळत असतं तर मी तरी सुखी झाले असते."

मग ताई म्हणाल्या, "मी बाबांना काही सांगणार नाही. तुमच्या मिस्टरांनी जाऊन सांगायचं. समोर बसून."

ताईंकडून घराचा पत्ता घेऊन, सुतळी खिशात घालून मी कोसाडला निघालो. डिंडोली ते कोसाड, अख्खं शहर ओलांडायचं. रिक्षात दुसरं काय करणार, वाक्यं जुळवत होतो. 'काका, गैरसमज झाला.' नको, ह्यात वाटतं चूक त्यांची. 'काका, मी तसा माणूस नाही.' हे तर सगळेच म्हणतात. शेवटी तिसरा मजला आला आणि एकही वाक्य हाताशी उरलं नाही.

दार काकांनी उघडलं. मला बघून आत या म्हणाले नाहीत आणि दारही लावलं नाही. मी उंबऱ्यातच घडाघडा सगळं सांगून टाकलं. पुठ्ठा, दुकानदार, कुत्र्यांच्या जाती, माझा मूर्खपणा.

मला वाटलं, आता हसतील. अशा गोष्टीत शेवटी माणसं हसतात ना? काका हसले नाहीत.

"म्हणजे राणीची विचारत होतात," ते म्हणाले.

"हो काका."

"आणि राणी साधी निघाली असती, तर तिच्याखाली गोणपाट."

काय बोलू सांगा! "हो," म्हटलं.

मग ते बाजूला झाले. आत खोलीत कोपऱ्यात एक गोधडी होती, जुन्या साड्यांची, आणि गोधडीवर राणी. तांबूस रंगाची, तोंडाभोवती पांढरी झालेली. रस्त्यावरचीच. कावेरी काकूंनी, म्हणजे काकांच्या गेलेल्या बायकोने, ती पाऊण वीत असताना नाल्याकाठून उचलून आणली होती, आणि ह्या गोधडीतल्या साड्याही काकूंच्याच. राणी मला बघून उठायला गेली. मागचे पाय दोनदा घसरले, तिसऱ्यांदा उभी राहिली. येऊन माझा हात हुंगला आणि माझ्या पायाशी बसली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं मी कोण ते.

"तिच्या कमरेला हात लावून बघा," काका म्हणाले.

लावला. कातडीखाली नुसतं हाड.

"कडक जमिनीवर बसली की ते टेकतं. रात्रभर कूस बदलते. तुमच्या गोणपाटावर भुसावळपर्यंत काय झालं असतं तिचं?" मग म्हणाले, "भाऊ, तुम्ही वय विचारलं असतंत तरी मी सांगितलं असतं. वजन विचारलं असतंत. कशाला घाबरते ते विचारलं असतंत. त्या वहीत हे विचारायचं राहिलंच."

मी खाली फरशीवर बसलो. वही काढली. आणि विचारलं. वय चौदा. वजन सोळा किलो. मागचे पाय अशक्त, गुळगुळीत जमिनीवर घसरते. उन्हात धाप लागते. बॅगेची चेन दिसली की ती कुरतडते. इंजिनाच्या शिट्टीला घाबरत नाही, कारण जन्म रेल्वेवाल्याच्या घरात गेला. पण अनोळखी माणसं वरून वाकून बघायला लागली की थरथरते. काका सांगत गेले. मधेच काकूंचंही सांगायला लागले. चहा त्यांनीच केला. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

पेटी बनवायला आम्हाला चार दिवस लागले. मखमल मी सगळ्यात आधी बाजूला टाकली. सुरतच्या उन्हात मखमल म्हणजे पाठीला शेगडी! हलका प्लाय घेतला, कडेने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, तिन्ही बाजूंना बारीक तारेची जाळी, आणि जाळीच्या कापलेल्या टोकांवर रबर, नाक घासलं तरी ओरखडा नको म्हणून. प्लायला वासाचा रंग लावला नाही. चेन कुठेच नाही, दाराला लोखंडी कडी. तळाला खरबरीत रबराचा मॅट, पाय धरून राहावेत म्हणून. त्यावर दोन इंच नाही, चार इंच फोम, सुनंदाने शिवलेल्या सुती खोळीत. वरून सुती पडदा, वाकून बघणाऱ्या लोकांसाठी. तो पुठ्ठा सुनंदाने चुलीत घातला असता, पण आमच्याकडे गॅस आहे, म्हणून फाडला.

राणी शुक्रवारी सुखरूप पोचली, हे आत्ताच सांगून टाकतो. तुमचा जीव टांगणीला नको. ताईंनी फोटो पाठवला. पेटीचं दार उघडं, अंगण मोकळं, आणि राणीबाई आतच झोपलेल्या.

पण माझी शोभा अजून पूर्ण व्हायची होती. ती झाली गुरुवारी.

गाडीत जनावर न्यायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो. म्हटलं, त्यानिमित्ताने पेटीचीही परीक्षा होईल. राणीला पेटीत घालून मी आणि काका एका जनावरांच्या खाजगी दवाखान्यात गेलो. बाकावर बरीच माणसं, मांडीवर मांजरं, पिंजऱ्यात पोपट. काका पेटीजवळ उकिडवे बसून जाळीतून राणीशी बोलत होते. टेबलाशी मी.

कंपाउंडर गुजराती. मान खाली, पेन चालू. काकांचं नाव-गाव त्याने आधीच लिहून घेतलं होतं. आता विचारलं, "साथे कोण छे?"

"मी. रमेश."

"रहेवानुं?"

"डिंडोली."

"मोबाइल?"

तो सांगितला. त्याने पान उलटलं.

"जात?"

एका आठवड्यात मी किती शहाणा झालो होतो तुम्हाला कल्पना नाही! म्हटलं, बघा, इथेही विचारतात. डॉक्टरकडे आलेल्या माणसाची जात! भांडावंसं वाटलं. पण राणीची उद्या गाडी, आणि मागे काका बसलेले. तमाशा नको. मी टेबलावर वाकलो आणि हळूच, कुजबुजत, माझी जात सांगितली.

"संभळातुं नथी. जोरथी बोलो ने!" त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

मी जरा मोठ्याने सांगितली. बाकावरची दोन माणसं वर बघायला लागली.

"शुं?"

आता मी ओरडलोच. अख्खा दवाखाना शांत. पोपटही गप्प. जिना असता तर उतरून गेलो असतो.

कंपाउंडरने एकेक अक्षर लावून लिहिलं. मग पहिल्यांदा मान वर केली, पेटीकडे बघितलं, राणीकडे बघितलं, आणि कौतुकाने म्हणाला, "आ जात तो पहेली वार सांभळी. इम्पोर्टेड छे?" पहिल्यांदाच ऐकली म्हणे!

माझी जात कुठली ते तुम्हाला सांगणार नाही. आता ती कोणी विचारायची नाही असं मी ठरवलंय. पण इम्पोर्टेड नाही, एवढं नक्की!

मी काही बोलायच्या आत डॉक्टरांनी राणीला आत घेतलं. तपासलं. आतूनच ते एकेक सांगत गेले आणि कंपाउंडर लिहीत गेला. सही झाली, शिक्का बसला, पुढचा नंबर पुकारला गेला.

बाहेर येऊन काकांनी चष्मा लावला आणि दाखला वाचला. एकदा वाचला. परत वाचला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मी घाबरून हात धरला. तर हसत होते हो! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, रस्त्याच्या कडेला, पेटीवर हात टेकून. राणी आतून शेपटी आपटत होती.

"काका, आत जाऊन बदलून आणतो," मी म्हटलं.

"अजिबात नको," ते म्हणाले, आणि तो कागद मला वाचायला दिला.

जातीच्या पुढे माझी जात होती, चांगल्या वळणदार अक्षरात. आणि तिच्याखाली लिहिलं होतं: स्वभाव शांत. चावत नाही. अंगावर गोचीड नाही. माणसांत सोडण्यास हरकत नाही.

आमच्या जातीबद्दल इतकं चांगलं, सहीशिक्क्यासकट, आजवर कोणी लिहून दिलेलं नव्हतं. आणि तेही मिळालं ते राणीच्या वागणुकीवर.